फ्रान्समधली ऱ्होन नदीवरची क्रूझ: अविन्यॉन शहरात एका दिवसात काय काय बघावं?

भाट्येकर: आईबाबांना घेऊन चाललोय, बोट अविन्यॉनला दिवसभर थांबणारे. पोपचा राजवाडा आणि पाँ द्यु गार दोन्ही जमेल का? बाबांचे गुडघे बोंबलतायत, आई मात्र पोरांच्या पुढे.

दापोलीची_सून: जमतं पण दमछाक होते. राजवाडा 14व्या शतकातला, आत जिनेच जिने, बाबांना चौकात कॉफी घेऊन बसवा. पाँ द्यु गार सोडू नका, रोमन लोकांचा तीन मजली पूल, 49 मीटर उंच, त्यावरून नीम शहराला पाणी जायचं ते पंप न लावता निव्वळ उतारावर. माझ्या सासऱ्यांचं आयुष्य माडांना पाट काढण्यात गेलं, ते खाली उभं राहून उतार किती दिला असेल तेच बघत बसले, फोटोत सगळीकडे मान वर.

मालवणी_माणूस: अविन्यॉनातलो तो मोडको पूल पण बघा हां. 22 कमानी होत्यो, आता 4च उरल्यो, बाकी ऱ्होनच्या पुरान न्हेल्यो. टोपी घट्ट धरा, मिस्त्राल वारो सुटलो तर गेली.

भाट्येकर: मग सकाळी पाँ द्यु गार, दुपारी मोडका पूल, राजवाडा बाहेरूनच. परत यायला उशीर झाला तर?

दापोलीची_सून: स्वतःचे स्वतः फिरलात तर बोट थांबत नाही हो, दाभोळची फेरीबोट नव्हे ती, हात केला की थांबायला 😄