टीपी-लिंक ८४१एन राउटरवर (व्हर्जन १३) ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मोफत, खुली प्रणाली) कसं चढवायचं?

चोपडेकर:
राम राम मंडळी. घरी ४० एमबीपीएसचं फायबर आहे, पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडायचं). कुणी फोटो अपलोड करायला लागलं की व्हिडिओ कॉल तुटक होतो. माळ्यावर एक ८४१एन पडून आहे, तळाच्या स्टिकरवर १३.० लिहिलंय. राउटरच्या सेटिंगच्या पानावरूनच ओपनडब्ल्यूआरटीची फाइल देता येईल का?

भुसावळ_जंक्शन:
भाऊ, १३.० आहे हे फार बरं झालं. त्यात ८ एमबी फ्लॅश (प्रणाली साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम असते. नंतरच्या १४ मध्ये ४ आणि ३२ च, त्यावर आजचं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही. डबा हुबेहूब सारखा दिसतो, म्हणून जुना घेताना स्टिकर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

१३ ला पानावरून फाइल चालत नाही, टीएफटीपीच (राउटर चालू होताना वायरीने लॅपटॉपवरून फाइल ओढून घेतो ती पद्धत) करावं लागतं. नावात 'टीएफटीपी-रिकव्हरी' असलेली फाइल घ्या, सिसअपग्रेडवाली (आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठीची) नको. तिचं नाव बदलून टीपी, अंडरस्कोर, रिकव्हरी, डॉट, बिन असं ठेवा, सगळी इंग्रजी लहान अक्षरं. लॅपटॉपचं वायफाय बंद करून लॅनला (वायरीच्या जोडणीला) स्थिर आयपी द्या: १९२.१६८.०.२२५, मास्क २५५.२५५.२५५.०. टीएफटीपी सर्व्हर सुरू करून फाइल त्याच्या फोल्डरमध्ये टाका. वायर राउटरच्या लॅन पोर्टात, निळ्या वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टात) नाही. आता रिसेट आधी दाबा, दाबलेलंच ठेवून वीज द्या आणि ६-७ सेकंद धरा. सर्व्हरवर फाइल जाताना दिसली की बटण सोडा, मग राउटर स्वतः परत चालू होईपर्यंत त्याला हात लावू नका.

शिरपूर_फाटा:
हे काम इन्व्हर्टरवर करा. फ्लॅश लिहिताना लाइट गेली तर अर्धवट लिहिलेलं राहतं. बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असतो, त्यामुळे बहुतेक वेळा हीच कृती पुन्हा करून राउटर उठतो, पण मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचं? ८४१एनचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे, फायबरच्या डब्याचा सहसा १२ चा. पिना सारख्याच बसतात म्हणून मिनी यूपीएसची १२ ची वायर याला लावू नका, ९ चं आउटपुट असलेलाच घ्या. आणि मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडे ४५ अंश बाहेरच असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त.

चोपडेकर:
सगळं केलं, पण सर्व्हरवर काहीच उमटत नाही. बटण १० सेकंद धरून पाहिलं.

भुसावळ_जंक्शन:
दोन कारणं असतात. एक, विंडोजचं फायरवॉल यूडीपी ६९ (टीएफटीपीचं पोर्ट) अडवतं; तेवढ्यापुरतं बंद करा. दुसरं जास्त फसवं आहे. राउटर बंद असताना लॅनची लिंक तुटते, वीज देताच लॅपटॉप ती नव्याने जोडायला लागतो आणि तेवढ्यात राउटरची विचारणा निघून जाते. मध्ये साधा ५ पोर्टचा स्विच लावा. मग लॅपटॉपची लिंक स्विचशी कायम राहते.

चोपडेकर:
स्विच लावल्याबरोबर पहिल्याच वेळी फाइल गेली! आता वायफायचं नावच दिसत नाही.

भुसावळ_जंक्शन:
ते मुळात बंदच असतं. लॅपटॉपचा आयपी पुन्हा आपोआपवर ठेवा, वायरीने १९२.१६८.१.१ उघडा, नाव रूट, पासवर्ड रिकामा. आधी पासवर्ड टाका, मग वायफायला देश भारत निवडून सुरू करा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. फायबरच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असला तर राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा, नाहीतर दोघांची टक्कर होऊन नेट अडू शकतं.

कॉलसाठी एसक्यूएमचं (नेटवरची गर्दी आवरणारी सोय) लुसी पॅकेज टाका, म्हणजे ते राउटरच्या पानावरून लावता येतं. इंटरफेस पीपीपीओई-वॅन, प्रकार केक (रांग लावायची पद्धत). आकडे किलोबिटमध्ये असतात, म्हणून ४० च्या ९० टक्के म्हणजे ३६०००. पण प्लॅनवरचा आकडा धरू नका, स्पीडटेस्टला खरोखर मिळतो त्याचे ९० टक्के घ्या. डाउनलोड करताना प्रोसेसर दमला तर डाउनलोडच्या खान्यात ० टाका, त्या दिशेचं नियंत्रण बंद होतं. तुमचा त्रास अपलोडचा आहे, तेवढं आवरलं तरी कॉल सुधारेल.