मदत हवी आहे: स्वमग्न मुलांवरील चार शाखांच्या संयुक्त प्रकल्पाची आखणी

नमस्कार.

मी पुण्यात भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानसशास्त्र, विधी आणि वास्तुकला या शाखांतील तीन विद्यार्थ्यांबरोबर मी सर्वसाधारण मराठी शाळांत शिकणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर एक संयुक्त प्रकल्प आखत आहे. विषय चौघांनाही मान्य आहे. परंतु अभ्यासात कोणत्या मुलांना घ्यायचे याचे उत्तर प्रत्येक शाखा वेगळे देते आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचा आधार डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका, हा आहे. २०१३ साली आलेल्या या आवृत्तीने अ‍ॅस्पर्जरसारखे स्वमग्नतेचे उपप्रकार एकाच वर्णपटात आणले आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मिळणाऱ्या अतितीव्र किंवा मंद प्रतिसादांना निदानाच्या निकषांत स्थान दिले. वास्तुकलेच्या विद्यार्थिनीचे सारे काम याच प्रतिसादांवर उभे आहे. इजिप्तच्या वास्तुविशारद मॅग्डा मुस्तफा यांनी स्वमग्न व्यक्तींसाठीच्या वास्तुरचनेची जी सात तत्त्वे मांडली, त्यांत ध्वनीचा विचार सर्वांत आधी येतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या गजबजलेल्या वर्गात ते तत्त्व कितपत पाळता येते हे तिला पाहायचे आहे. विधी शाखेचा विद्यार्थी मात्र दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या बाहेर पाऊल टाकायला तयार नाही. त्या अधिनियमाच्या अनुसूचीतील व्याख्या संवाद, नातेसंबंध आणि साचेबद्ध वर्तन यांविषयी बोलते. संवेदनांचा तीत उल्लेख नाही. शिवाय अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, म्हणून प्रमाणपत्र असलेलीच मुले घ्यावीत असा त्याचा आग्रह आहे. या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्या ४० बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण असतात आणि एकूण गुण ७० पेक्षा कमी असल्यास मूल स्वमग्न धरले जात नाही. म्हणजे ६९ गुणांचे एखादे मूल त्याच्या अभ्यासातून बाहेर आणि वास्तुकलेच्या अभ्यासात कदाचित सर्वांत महत्त्वाचे, असेही होऊ शकते.

माझ्या शाखेची अडचण वेगळी आहे. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ च्या निबंधात ११ मुलांचे वर्णन करताना, ही मुले सर्वनामे ऐकली तशीच परत उच्चारतात आणि स्वतःला 'तू' म्हणतात, असे नोंदवले होते. मराठीत सर्वनाम बोलण्यातून सर्रास गळते आणि बोलणारा कोणाविषयी बोलतो आहे हे क्रियापदावरून कळते. 'जेवलास का?' या प्रश्नाला मुलाने होकारार्थी 'जेवलास' असेच उत्तर दिले, तर वाक्यात सर्वनाम नाही, तरीही 'मी' आणि 'तू' यांची उलटापालट आहे. इंग्रजीतील अभ्यासांप्रमाणे केवळ सर्वनामे मोजली तर ती निसटून जाईल. दुसऱ्या बाजूने, आईचे ऐकून 'मी येते' म्हणणारा मुलगा स्वमग्न असेलच असे नाही, कारण लहान वयात इतर मुलगेही तसे बोलतात. त्यामुळे मला वर्गातील स्वाभाविक बोलणे ध्वनिमुद्रित करावे लागेल.

प्रमाणपत्राची अट नसावी असे माझे मत आहे, कारण ते कोणाकडे आहे हे मुलापेक्षा कुटुंबाची ऐपत आणि जवळचे रुग्णालय यांवरच अधिक ठरते. परंतु मार्गदर्शकांना एकसमान नमुना हवा आहे. हा तिढा कसा सोडवावा, आणि न बोलणाऱ्या मुलांची संमती कशी घ्यावी, याविषयी अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (विशेष शिक्षिका)

तुमच्या विधी शाखेच्या मित्राला अधिनियम पुन्हा वाचायला सांगा. ४० टक्क्यांची अट कलम ३१ मधील मोफत शिक्षणाच्या हक्काला आहे. समावेशक शिक्षण आणि गरजेनुसार सोयी देण्याचे कलम १६ मधील शाळेचे कर्तव्य सर्व दिव्यांग मुलांबाबत आहे. तेव्हा कायद्याच्या अंगानेही प्रमाणपत्राची सक्ती टिकत नाही. मापनश्रेणीचे गुण उपलब्ध असतील तर माहिती म्हणून नोंदवा, चाळणी म्हणून वापरू नका.

एकसमानता मुलांत शोधण्याऐवजी प्रसंगात शोधावी, असे मी सुचवेन. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यापासून वर्ग पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ घ्या. गोंगाट, व्हरांड्यातून वर्गात येणे, शिक्षकांच्या सूचना, मुलाचे उत्तर, शाळेने दिलेली किंवा नाकारलेली सवलत, हे सर्व तेवढ्यात दिसते आणि चौघांनाही आपापले काम मिळते. मात्र समोरच्या माणसाचे बोलणेही तितक्याच काळजीने नोंदवा. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडल्याप्रमाणे स्वमग्न आणि इतर व्यक्तींमधील गैरसमज दुहेरी असतो. तो केवळ मुलाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे.

संमतीबाबत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पाहा. पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती अपेक्षित असते. न बोलणाऱ्या मुलाचा नकार कशाला मानायचे, म्हणजे यंत्र ढकलणे, उठून जाणे, कान झाकणे, हे पालकांना विचारून प्रत्येक मुलासाठी आधीच लिहून ठेवा आणि तो दिसताच मुद्रण थांबवा. वर्गातील इतर मुलांचे आवाजही मुद्रित होणार, त्यांच्या पालकांची परवानगी विद्यार्थी हमखास विसरतात.

प्रतिसाद २ (एक पालक)

वरील सूचना योग्य आहेत. एक भर घालतो. गरोदरपणापासूनचा इतिहास आम्ही डॉक्टर, थेरपिस्ट, शाळा आणि प्रमाणपत्र मंडळ अशा सर्वांना सांगून झालेला असतो. तुम्ही चौघांनी तो चार वेळा विचारू नये. एकच माहितीपत्रक करा आणि ज्याला जेवढे लागते तेवढेच त्यात ठेवा. मुलाला पहिला शब्द कधी आला, हे वास्तुकलेच्या प्रकल्पाला लागणार नाही. तसेच निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, आम्हाला आणि वर्गशिक्षकांना मिळावेत.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुट्टीनंतरच्या वेळेचा प्रस्ताव सहकाऱ्यांनी मान्य केला असून माहितीपत्रकही एकच ठेवत आहोत. आता एक प्रश्न उरतो: मुलांचे आवाज असलेली मुद्रणे चार विभागांपैकी कोणी जपावीत, आणि प्रकल्प संपल्यावर बोलण्याचे शब्दांकन ठेवून मूळ मुद्रण नष्ट करावे का? माझ्या विश्लेषणाला स्वराचा चढउतार लागतो आणि तो शब्दांकनात उरत नाही. ज्यांनी शाळांत ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे त्यांनी आपली पद्धत कृपया सांगावी.