मदत हवी आहे: हार्डनॉटचा रोमन किल्ला, आईबाबांना घेऊन जायचंय. घाट टाळता येईल का?

सईची_डायरी:

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईबाबा पुण्याहून आमच्याकडे मँचेस्टरला येताहेत. लंडन, एडिंबरा वगैरे मागच्या खेपेला उरकलं. ह्या वेळी बाबांनी फर्माईश स्वतःच पाठवली आहे आणि तीही अशी की इथल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ती जागा ठाऊक नाही. इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियात, एस्कडेल खोऱ्याच्या वरच्या टोकाला, हार्डनॉट नावाच्या खिंडीखाली एक रोमन किल्ला आहे, तो त्यांना बघायचाय.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. सगळा जन्म सह्याद्रीत भटकण्यात गेला, अजूनही सिंहगड आरामात चढतात. त्यांची काळजी नाही. प्रश्न आईचा आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालते, पण ओबडधोबड उताराची धास्ती घेते. शिवाय घाटात तिला मळमळतं, ताम्हिणीतसुद्धा.

तिसरी अडचण नवरोबांची. हार्डनॉटच्या रस्त्याचे व्हिडिओ बघून त्याने हात वर केलेत. एका गाडीपुरता रस्ता, तीनास एक चढ, कठड्याचा पत्ता नाही. नकाशात लेक डिस्ट्रिक्ट ह्या डोंगराळ भागातल्या अँबलसाइड गावाहून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर दिसतं, पण वाटेत रायनोज आणि हार्डनॉट अशा दोन खिंडी लागतात. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, त्याने काही फरक पडतो का?

बस जाते का? टॅक्सी मिळते का? वर पोचल्यावर किती चालावं लागतं? आणि खरं सांगा, तिथे बघण्यासारखं काही उरलंय की नुसते दगड? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा:

सईताई, मी लँकेस्टरला असतो, त्या बाजूला जाणं होत असतं. आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे नवरोबांचा जीव भांड्यात पडेल: किल्ला खिंडीच्या पश्चिम उतारावर आहे. म्हणजे समुद्राकडून, एस्कडेलमधून आलात तर खिंड ओलांडावीच लागत नाही. अँबलसाइडहून येणाऱ्यांना मात्र आधी रायनोज चढून उतरायचा, मग हार्डनॉट चढायचा आणि पलीकडच्या वळणांवरून खाली किल्ल्यापाशी यायचं. दोन्ही खिंडी ३९३ मीटर उंचीच्या आहेत. उंची ऐकून आपल्याला हसू येतं, पण उंचीचा इथे काही संबंध नाही, त्रास चढाच्या तीव्रतेचा आहे.

जीपीएस तुम्हाला हमखास अँबलसाइडवरून नेणार, कारण त्याला अंतर कळतं, चढ कळत नाही. तेव्हा त्यात थेट किल्ला टाकूच नका. आधी किनाऱ्यावरचं रेव्हनग्लास गाव टाका. एम६ मोटरवेच्या ३६ नंबरच्या फाट्याला बाहेर पडा, मग ए५९०, मग ए५९५ धरून समुद्राच्या बाजूने वर. वेळ बराच जास्त लागतो, मँचेस्टरहून तीन तास तरी धरा. ए५९५ सुद्धा मध्येमध्ये इतका अरुंद होतो की हा मुख्य रस्ता आहे यावर विश्वास बसत नाही, पण आईंना मळमळेल असं त्यात फारसं नाही.

रेव्हनग्लासहून होल्मरूक, सँटन ब्रिज, एस्कडेल ग्रीन, बूट अशी गावं लागतात. बूटच्या पुढे रस्ता आणखी बारीक होतो, पण खोऱ्याच्या तळातून जातो. घाटाच्या पायथ्याशी, ब्रदरिलकेल्डच्या शेताजवळ, रस्त्यात गुरांसाठीची लोखंडी जाळी लागते. ती ओलांडली की चढ आणि वळणं एकदम अंगावर येतात. किल्ला ह्या पहिल्या टप्प्याच्या वर आहे, दुसरा आणि जास्त वाईट टप्पा त्याच्याही पुढे. म्हणजे पश्चिमेकडूनही थोडा घाट आहेच, तो अगदीच नाही असं म्हणणार नाही. नवरोबांना तोही नको असेल तर गाडी पायथ्याशी लावून बाबा आणि तुम्ही चालत वर जा. किलोमीटरभराचा चढ आहे, सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही.

कांदेपोहे_विथ_लिंबू:

एवढा खटाटोप कशाला? इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर जा. हाउसस्टेड्सचा किल्ला आहे, विंडोलांडा आहे, म्युझियम आहे, कॅफे आहे, स्वच्छतागृहं आहेत. विंडोलांडात तर रोमन सैनिकांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडलीत. हार्डनॉटला यातलं काही नाही. आईंचा विचार करा.

सईची_डायरी:

@घाटमाथा, खूप आभार. दोन टप्प्यांची गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नीट कळत नव्हती.

@कांदेपोहे, मुद्दा पटतो आणि भिंत यादीत आहेच. पण बाबांना डोंगरातलाच किल्ला हवाय. त्यांचं म्हणणं असं की भिंत म्हणजे सीमेवरची चौकी, हा मात्र खरा घाटरक्षक किल्ला. आता ह्यावर काय वाद घालणार?

शिलालेख:

बाबांचं बरोबर आहे, त्यांच्या बाजूने माझं एक मत धरा.

रोमनांनी समुद्रकाठच्या रेव्हनग्लासपासून डोंगर ओलांडून अँबलसाइडपर्यंत रस्ता नेला होता. रेव्हनग्लासला किल्ला, अँबलसाइडला विंडरमियर तळ्याच्या काठावर किल्ला आणि मधल्या घाटावर नजर ठेवायला हार्डनॉट. नाणेघाट चढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

बांधकाम रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे इसवी सन १२० ते १३८ च्या दरम्यानचं. हे पक्कं कळतं ते १९६४ मध्ये सापडलेल्या एका फुटक्या शिलालेखामुळे. त्यावर हेड्रियनचं नाव आहे आणि डाल्मेशियन सैनिकांच्या चौथ्या तुकडीचं. डाल्मेशिया म्हणजे आजच्या क्रोएशियाचा किनारा. एड्रियाटिकच्या उन्हात वाढलेली साधारण पाचशे पोरं ह्या पावसात आणून बसवली होती. पुढे त्याच्यानंतरचा सम्राट अँटोनायनस पायस याच्या वेळी फौजा स्कॉटलंडकडे सरकल्या तेव्हा किल्ला रिकामा झाला, मग पुन्हा वस्ती झाली आणि दुसरं शतक संपता संपता ती कायमची उठली.

बाबांना आणखी एक सांगा: हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडे सातवाहन होते. हेड्रियननंतर थोड्याच वर्षांनी टॉलेमी ह्या ग्रीक विद्वानाने भूगोल लिहिला, त्यात पैठण येतं आणि तिथला राजा म्हणून पुळुमावीचं नाव, ग्रीक वळणाने, येतं. त्यांच्या पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये टाकायला उत्तम मजकूर आहे.

आता 'नुसते दगड' बद्दल. चौरस किल्ला, कोपरे गोल, एक बाजू शंभर मीटरच्या थोडी वर. चारही बाजूंना दरवाजे, कोपऱ्यांत बुरूज. तटाचा पूर्ण घेर फिरता येतो. मध्ये सदर, शेजारी किल्लेदाराचा वाडा, दुसऱ्या बाजूला अंबारखाने, सगळ्यांची जोती स्पष्ट ओळखू येतात. सैनिकांच्या बराकी लाकडी होत्या, त्या गेल्या. तटाची बरीच डागडुजी विसाव्या शतकात झालीय, पण ती करणाऱ्यांनी प्रामाणिकपणा दाखवलाय: मूळ बांधकाम कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं तिथे पाटीच्या दगडाची एक आडवी ओळ बसवली आहे. बाबांना म्हणावं ती ओळ शोधा. आपल्याकडे किल्ल्यांवर सिमेंट थापणाऱ्यांना ही ओळ दाखवायला न्यायला हवं, पण असो.

उत्तरेच्या दरवाज्याबाहेर थेट कडा आहे. तिथून कोण आत-बाहेर करणार होतं देव जाणे. रोमनांच्या नकाशात चार दरवाजे म्हणजे चार, डोंगर काहीही म्हणो. किल्ल्याबाहेर पूर्वेला, थोडं वर, कवायतीचं मैदान आहे. डोंगराच्या उतारावर एवढी जागा हाताने सपाट केलेली बघून मला तटापेक्षा त्याचंच जास्त नवल वाटतं. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत.

रिंगरोड:

गाडीबद्दल थोडक्यात. ऑटोमॅटिक असली तर चढताना उलट बरंच, चढावर थांबून पुन्हा सुटायची कसरत नाही. उतरताना मात्र गिअर खालचा धरून ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा इथला नियम आहे. बाजू देण्यासाठी रस्ता जिथे फुगवलाय ती जागा डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा आणि समोरच्याला शिरू द्या. तिथे गाडी लावून फोटो काढायला जाऊ नका, स्थानिक लोक खवळतात आणि ते बरोबर आहे. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, हॉर्नला दाद देत नाहीत.

सकाळी लवकर जा. दुपारी समोरून गाड्यांची रांग आली की रिव्हर्स घेत बसावं लागतं, नवख्या माणसाचा घाम तिथेच निघतो.

निवांत_मावशी:

सई, सगळे रस्ता आणि तट यावरच बोलताहेत, आईबद्दल मी सांगते. माझी आई अशाच गुडघ्यांची आहे.

रेव्हनग्लासहून एक पिटुकली आगगाडी निघते, रेव्हनग्लास अँड एस्कडेल रेल्वे. १८७५ साली लोहखनिज वाहायला सुरू झाली, आता प्रवासी नेते. रूळ इतके जवळ की एका ढांगेत ओलांडावेत, पंधरा इंच फक्त. वाफेचं इंजिन, उघडे-बंद दोन्ही डबे, सात मैलांचा प्रवास, चाळीस मिनिटांच्या आसपास. शेवटचं स्टेशन डेलगार्थ, बूट गावाजवळ. मळमळ वगैरे काही होत नाही. तिथे खायला मिळतं आणि स्वच्छतागृह आहे. किल्ल्यावर यातलं काहीही नाही, पाण्याचा नळसुद्धा नाही, हे आत्ताच लिहून ठेव. प्रवेश मात्र फुकट आहे, फाटक-तिकीट भानगड नाही.

डेलगार्थहून किल्ला पाच किलोमीटर आहे. बस जात नाही. टॅक्सी आहेत पण मोजक्या, स्टेशनवर उभ्या नसतात, काही दिवस आधी फोन करून ठरवाव्या लागतात. बाबांना चालायचं असेल तर खोऱ्यातून सुरेख वाट आहे, दीड-एक तासाची.

आईने वर यायचं ठरवलं तर टॅक्सी किल्ल्याखालीच थांबते. रस्त्याजवळच हमामखान्याचे अवशेष आहेत. थंड, कोमट आणि गरम अशा ओळीने खोल्या आणि शेजारी एक गोल खोली, कोरड्या उष्णतेने घाम काढायची. तेवढं तिला हळूहळू चालत बघता येईल. तिथून तट काही मिनिटांवर आहे, पण जमीन उंचसखल, पावसानंतर पचपचीत. काठी आणि घट्ट बूट असतील तरच ने, नाहीतर हमामखान्यापाशी बसू दे, तिथूनही खोरं छान दिसतं. चटई आणि जाड स्वेटर घे. मे महिना म्हणून फसू नकोस, तिथला वारा महिना विचारत नाही.

आणि वर यायचं नसेल तरी तिचा दिवस वाया जात नाही. रेव्हनग्लास स्टेशनपासून थोडं चाललं की झाडीत रोमन हमामखान्याच्या भिंती उभ्या आहेत, चांगल्या चार मीटर उंच. वाट सपाट आहे. खरं सांगायचं तर हार्डनॉटला एवढी उंच भिंत एकही नाही.

कांदेपोहे_विथ_लिंबू:

बरं, हरलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, वर काही मिळत नाही म्हणतात.

सईची_डायरी:

सगळ्यांचे मनापासून आभार! रात्री जेवताना घरी चर्चा झाली आणि असं ठरलंय: आदल्या दिवशी रेव्हनग्लासला मुक्काम, संध्याकाळी आईसोबत तिथला हमामखाना. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने डेलगार्थ. तिथून आई आणि मी टॅक्सीने वर, बाबा आणि नवरोबा चालत. आमची गाडी रेव्हनग्लासलाच राहील, त्यामुळे सध्या घरात सर्वात आनंदी माणूस नवरोबा आहे.

बाबांना फोनवर पाटीच्या ओळीचं आणि पुळुमावीचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं की किल्ल्यावर पाण्याचं टाकं कुठे आहे. कोणाला माहीत आहे का? आणि हवा बिघडली तर काय करायचं?

शिलालेख:

आपल्यासारखी कातळात खोदलेली टाकी शोधू नका म्हणावं. एस्कडेलच्या डोंगरात ओहोळांना तोटा नाही, वर्षभर वाहतात. लेक डिस्ट्रिक्टमधलंच बॉरोडेलचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण मानलं जातं, आणि ते डोंगरांच्या पलीकडे फार लांब नाही. पाणी साठवण्यापेक्षा कोरडं राहणं हाच तिथे प्रश्न असणार.

घाटमाथा:

हवेसाठी मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, तो आदल्या संध्याकाळी बघा, शहराचा बघू नका. ढग खाली उतरले तर तटावरून पुढचा बुरूजही दिसत नाही. हवा स्वच्छ असली तर एका बाजूला स्काफेल पाइक, म्हणजे इंग्लंडचं सर्वोच्च शिखर, ९७८ मीटर, आणि दुसरीकडे खोऱ्याच्या तोंडाशी समुद्र. त्यामुळे मुक्कामाचा एक दिवस हाताशी जादा ठेवता आला तर ठेवा.

निवांत_मावशी:

आणि टॅक्सी परतीचीही आत्ताच ठरव, वेळ सांगून. वर मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नकोस. ड्रायव्हरला शेवटच्या आगगाडीच्या वेळेच्या तासभर आधीची वेळ दे, कारण बाबा कवायतीच्या मैदानावरून वेळेत खाली येणार नाहीत.

सईची_डायरी:

दीड तास आधीची देते. तुम्ही बाबांना ओळखत नाही!