अमेरिकन शाळेतली शिस्त: नियम एक, शिक्षा दोन?

पाटीपेन्सिल: कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत मी नववीला अल्जिब्रा शिकवते. जुलै २०२४ पासून इथे बारावीपर्यंतच्या कुठल्याच मुलाला निव्वळ उर्मटपणासाठी शाळेतून सस्पेंड करता येत नाही (खालच्या वर्गांना हे आधीपासून होतंच). स्टाफरूममध्ये बरेच जण वैतागलेत. मला मात्र पटतं. मारामारी, चोरी यांत घडलं की नाही एवढंच बघायचं. उर्मटपणा ठरतो बाईंच्या त्या दिवशीच्या मूडवर. आणि त्या मूडचा फटका कोणाला? २०१३-१४ मध्ये देशभरच्या सरकारी शाळांत काळी मुलं साधारण १५ टक्के होती, सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के.

जर्सीवाले काका: आकडा खरा, निष्कर्ष घाईचा. प्रमाण जास्त म्हणजे लगेच पक्षपात? गरिबी, घरची ओढाताण यांचा वागण्यावर परिणाम होतोच की.

पाटीपेन्सिल: काका, सरकारी लेखापरीक्षकांच्या (जीएओ) ज्या अहवालात हे आकडे आहेत, त्यातच श्रीमंत वस्तीतल्या शाळांतही हीच तफावत नोंदवलीय. २०१५ चा स्टॅनफर्डचा प्रयोगही बघा. शिक्षकांना गैरवर्तनाची तीच हकीकत वाचायला दिली, फक्त मुलाचं नाव बदललं. पहिल्या चुकीला फारसा फरक नाही. दुसऱ्या चुकीला मात्र नाव काळ्या मुलाचं वाटलं की शिक्षक जास्त कडक झाले.

मीराची_आई: कागदावर ठीक. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या वर्गात एक मुलगा (गोरा आहे, उगाच कोणी अर्थ काढू नये) रोज अर्धा तास वाया घालवतो. बाकीच्यांनी काय करायचं? पिट्सबर्गमध्ये शिक्षेऐवजी चर्चेतून समेट करून पाहिला. रँड या संशोधन संस्थेचा २०१८ चा अहवाल म्हणतो, सस्पेन्शन कमी झाली, पण सहावी ते आठवीचे गुण घसरले.

टेक्सासची_ताई: त्याच अहवालात शाळेचं वातावरण सुधारल्याचं शिक्षक म्हणतात, तेही सांगा ना. आणि आपल्या देशी ग्रुपवर 'ती मुलं' म्हणून काय चालतं, माहितीय सगळ्यांना. आपला पोरगा उलटून बोलला की कॉन्फिडंट, तेच काळ्या मुलाने केलं की धमकी!

जर्सीवाले काका: ताई, ग्रुपवरचं सोडा. ओबामांच्या काळात, २०१४ ला, शिक्षेतली वांशिक तफावत तपासा असं मार्गदर्शन आलं. ट्रम्प सरकारने ते २०१८ मध्ये मागे घेतलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा ओबामांच्या त्या मार्गदर्शनाच्या उलट दिशेचा अध्यक्षीय आदेश. दर चार वर्षांनी शिक्षकाने नियम नव्याने शिकायचे? यापेक्षा जुनी कडक शिस्त बरी, निदान सगळ्यांना सारखी.

पाटीपेन्सिल: सारखी कधी होती? वरचा ३९ टक्क्यांचा आकडा त्याच काळातला आहे. मीराच्या आईंचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. कायद्याप्रमाणे मी मुलाला ऑफिसकडे पाठवू शकते, आणि काय केलं ते त्यांनी पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदवायचं. आमच्याकडे नोंद होते, काम होत नाही. समुपदेशक जागेवर नसतो, मुलगा बाकावर बसून फोन बघतो नि पुढच्या तासाला परत येतो.

मीराची_आई: मग आधी समुपदेशक नेमायचा होता, नंतर कायदा.