मदत हवी आहे: आईला स्मार्ट स्पीकर हवा, बाबांना नको, आणि पोळ्यांच्या मावशींना कुणी विचारलेलंच नाही

नमस्कार मंडळी,

माझे आईबाबा सांगलीत, मी पुण्यात. काचबिंदूमुळे आईला आता फार कमी दिसतं. समोरचा माणूस ती आवाजावरून ओळखते, मोबाईलवरची अक्षरं तर लागतच नाहीत. दिवाळीत भावाने घरी स्मार्ट स्पीकर आणून बसवला. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अ‍ॅमेझॉनचा अलेक्सा आणि गूगल, दोन्ही वापरणाऱ्यांची उत्तरं हवी आहेत.)

आईला तो फार मानवला. सकाळी अभंग, औषधांची आठवण, बेबीमावशीला फोन. रात्री जाग आली की किती वाजले हे बाबांना उठवून विचारावं लागायचं, ते थांबलं. कुणाला त्रास न देता एखादी गोष्ट आपली आपल्याला कळावी, याचं मोल तिच्याशी बोलल्याशिवाय समजणार नाही. स्पीकरशी हिंदीत बोलावं लागतं, तेही तिने अंगवळणी पाडून घेतलंय.

बाबांचा मात्र ठाम विरोध. त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. "लोकांच्या सह्यांची कार्डं आम्ही रोज संध्याकाळी कुलपात ठेवायचो. इथे घरातलं बोलणं कुठे जातं, कोण ठेवतं, कधी पुसतं, एवढं तरी सांग," म्हणतात. चार पाहुणे आले की स्पीकरची वायर काढून ठेवतात. मग आई हाका मारत बसते आणि तो गप्प. यावरून दोघांत खटके उडतात.

बाबांचं म्हणणं मला जुनाट वाटत नाही. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, गूगल, अ‍ॅपल या तिघांच्याही बाबतीत बातम्या आल्या होत्या की ग्राहकांच्या रेकॉर्डिंगचे काही तुकडे माणसं बसून ऐकतात. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज ठेवून घेतल्याच्या खटल्यात अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. हे त्यांनी पेपरात वाचलेलं आहे, त्यामुळे "काही होत नाही हो बाबा" म्हणून त्यांची समजूत निघणार नाही, आणि तशी काढूही नये.

आता तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी इथे लिहितेय. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी लाटता लाटता लेकीशी फोनवर बोलतात. लेकीचं सासरी बरं चाललेलं नाही. स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशीच फडताळावर आहे. मध्यंतरी त्यांच्या बोलण्यातलाच कुठलासा शब्द ऐकून त्याचा दिवा मध्येच पेटला आणि तो बोलायला लागला. मावशी काही म्हणाल्या नाहीत. पण तेव्हापासून फोन आला की हात धुऊन बाहेर गॅलरीत जातात. आईने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आईला हवा, बाबांना नको, निदान दोघं भांडू तरी शकतात. मावशींनी कुणाशी भांडायचं?

तर विचारायचंय ते असं. आईची सोय न जाता घरातल्या बाकीच्यांचं बोलणं जपायचं कसं? कोणती सेटिंग्ज खरोखर उपयोगाची आहेत? आणि मावशींशी याबद्दल कसं बोलावं?

– कृष्णाकाठ

*

तारयंत्र: ताई, आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो अगदी नेमका आहे. 'अलेक्सा' किंवा 'हे गूगल' ही हाक स्पीकर आतल्या आत ओळखतो. हाक ऐकू आली असं त्याला वाटलं की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. म्हणजे चोवीस तासांचं बोलणं जात नाही, पण चुकून पेटला तर तेवढा तुकडा जातो. मावशींच्या बाबतीत तेच झालं असणार.

अलेक्सा असेल तर अ‍ॅपमध्ये अलेक्सा प्रायव्हसी उघडा. तिथे जुनी रेकॉर्डिंग्ज एकेक करून ऐकता येतात, पुसता येतात आणि यापुढे जपून ठेवूच नका असंही निवडता येतं. गूगलला खात्याच्या अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये आवाज साठवण्याचा पर्याय वेगळा असतो, तो बंद ठेवा. बाबांना शेजारी बसवून, त्यांच्या डोळ्यांदेखत करा. बँकेतला माणूस आहे, खातेवही स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही आणि ते बरोबरच आहे.

खरेदीचा पर्याय बंद करा. ड्रॉप इन नावाची सोय असेल तर तीही. तिच्यामुळे परवानगी दिलेला माणूस बाहेरून थेट घरातलं ऐकू शकतो. भावाने काळजीपोटी चालू ठेवली असण्याची शक्यता आहे, एकदा बघा.

नीलमोहर: वायर काढण्यापेक्षा माईक बंद करा. बहुतेक स्पीकरला त्यासाठी बटण किंवा सरकवायची कळ असते. अलेक्साला लाल दिवा लागतो, गूगलला नारिंगी. अडचण अशी की तुमच्या आईला तो दिवा दिसणार नाही. त्यामुळे जो बंद करेल त्याने तोंडाने सांगायचं, "माईक बंद केलाय," आणि पाहुणे गेले की चालू करून पुन्हा सांगायचं. माझे सासरे पूर्ण अंध आहेत. वस्तू बंद असल्याचा त्यांना राग येत नाही. न सांगता बंद केली की येतो.

दोन_शब्द: मी थोडं वेगळं सांगते. स्पीकर कशाकशासाठी लागतो याची यादी आईंकडूनच काढून घ्या. रात्रीची वेळ कळायला बोलणारं घड्याळ पुरतं, बटण दाबलं की वेळ सांगतं, त्याला इंटरनेट लागत नाही. गाण्यांना रेडिओ आहे. फोनवर टॉकबॅक चालू केलं तर स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवतं, शिवाय फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळतं. माझ्या आत्याचं असं करत करत स्पीकरचं काम निम्म्यावर आलं. तरी तिने तो काढला नाही, कारण स्वयंपाक करताना हात भरलेले असतात. पण आता तो तिच्या खोलीत असतो, जिथे बाहेरचं कुणी बसत नाही.

वाटाड्या: मावशींना सरळ सांगा हो. "हे यंत्र असं आहे, कधी कधी चुकून ऐकतं, तुम्ही असाल तेव्हा आम्ही बंद ठेवतो." "तुमची हरकत आहे का" असं विचारू नका. पगार देणाऱ्या घरात हरकत आहे असं कोण म्हणेल? आधी बंद करा, मग सांगा. आणि त्यांच्या समोर तो तुकडा पुसून टाका.

कृष्णाकाठ: वाटाड्या, तुमचं शेवटचं वाक्य बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे मीच करतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. या शनिवारी सांगलीला जातेय. स्पीकर आईच्या खोलीत हलवणार, सेटिंग्ज बाबांसोबत बसून करणार. ड्रॉप इनचं भावाला विचारलं, चालूच होतं. त्याचा हेतू चांगला होता, पण आईलाही ते माहीत नव्हतं. तिचं म्हणणं, "तू ऐक की, पण आधी हाक मार." ते बंद करतोय. मावशी येतात त्या वेळात आईला स्पीकर फारसा लागत नाही असं तीच म्हणाली, तेव्हा सकाळी माईक बंद.

एक राहिलंच. 'बेबीमावशी' म्हटलं की तो भलत्यालाच फोन लावतो. मराठी नावांचं तुम्ही काय करता?

नीलमोहर: नातं काढून टाका आणि नुसतं 'बेबी' म्हणून सेव्ह करा. सारखी वाटणारी दोन नावं ठेवू नका. सासऱ्यांकडे सुमन आणि सुनंदा होत्या, एकीला 'नाशिक' केलं. तेव्हापासून फोन बरोबर लागतो.