निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

गाडीच्या सायलेन्सरमधून निळा धूर आला, म्हणजे इंजिनात ऑइल जळू लागलं, की ‘रिंगा (पिस्टनवरची कडी) गेल्या, इंजिनचं काम काढा’ असं काही जण सांगतात; ते मत मला अर्धंच पटतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भपकन धूर येऊन थांबत असेल तर आधी व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत झिरपू न देणारं रबरी सील) संशय घ्या. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत.

एक गोष्ट सहसा राहून जाते: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या तळात साचणारा वायू परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडणारी छोटी झडप. आमच्या दारव्ह्याकडे एका जुन्या गाडीचा काढून हलवला तर वाजायला हवा तसा खडखड वाजेचना, आत काळा चिकटा भरलेला. स्वस्तातला तो भाग बदलला आणि ऑइल पिणं बरंच कमी झालं. आणि कापूस वाहायच्या दिवसांत पांदणीने फिरत असाल तर एअर फिल्टरचा डबा घट्ट बसतो ना, ते जरूर बघा. फटीतून आत गेलेली धूळच रिंगा खाते.