मदत हवी आहे: बडोद्यात नवीन आलोय, मुलांना खेळायला कोणीच नाही

सिंहगडरोडकर
पुण्याहून बडोद्याला शिफ्ट झालोय. घर, शाळा, कामाच्या मावशी सगळं लागलंय, त्याबद्दल विचारत नाहीये. इथे माणसंच दिसत नाहीत, हा प्रश्न आहे. मुलं संध्याकाळी खाली जातात आणि लगेच तोंड पाडून वर येतात. चुकून दोन-तीन पोरं असलीच तर ती गुजरातीत बोलतात, आमचा मोठा नुसता बघत उभा. रात्री झोपताना एकच पालुपद, पुण्याला परत कधी जायचं. तिकडे खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोरं जेवूनसुद्धा यायची. इथे समोरच्या फ्लॅटचं दार अजून उघडलेलं बघितलं नाही. सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, पण सगळं गुजराती लिपीत, डोक्यावरून जातं. "मराठी मंडळ शोधा" सोडून काहीही सुचवा. लवकर प्लीज.

केतकी१२
कुठल्या भागात? मुलं केवढी? कधी आलात? काहीच लिहिलं नाहीये.

जुना_जाणता
मराठी मंडळ शोधा. दांडिया बाजार, रावपुरा इकडे गायकवाडांच्या काळापासूनची मराठी घरं आहेत. घराघरात गणपती बसतात, मराठी नाटकं होतात. परक्या गावात आधी आपली माणसं गाठावीत, बाकी सगळं मागाहून येतं.

माधवी_के
ताई, मी यातून गेलेय. संध्याकाळी बाकावर बायका बसतात त्यांच्यात जाऊन बसा. एक भिशी लावा. महिन्याभरात मैत्रिणीच मैत्रिणी.

न्यूजर्सीकर
आम्ही एडिसनला आलो तेव्हा पब्लिक लायब्ररीच्या गोष्टींच्या तासाला जायचो, तिथे ओळखी झाल्या. भारतात अशा लायब्रऱ्या नाहीत हेच दुर्दैव.

बडोद्याची_सून
@न्यूजर्सीकर, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केली. वरच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, माझा मुलगा फक्त तेवढ्यासाठी यायचा. मराठी पुस्तकंही आहेत. असो.
धागाकर्ते, आधी केतकीच्या प्रश्नांची उत्तरं द्या.

सिंहगडरोडकर
भायली. मोठा पहिलीत जाईल, धाकटी तीनची. मेच्या पहिल्या आठवड्यात आलो. आणि माधवीताई, मी बाबा आहे. बायकोची बदली झाली म्हणून आलोय, तिची कंपनी हालोलला. मी घरून काम करतो, मुलं दिवसभर माझ्याकडे. बाकावरच्या बायका मी गेलो की बोलायच्या थांबतात. भिशी कुठून लावू?

तिरपागडा
हालोलला नोकरी आणि घर भायलीत? शहराच्या दोन टोकांना! वाघोडिया रोड किंवा हरणीकडे घ्यायचं होतं. कोणी सल्ला दिला?

सिंहगडरोडकर
घराचं विचारलं नाहीये.

तिरपागडा
तरी सांगतो. विश्वामित्रीच्या काठाला नाही आहात ना? ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाण्याबरोबर मगरी आल्या होत्या वस्तीत.

बडोद्याची_सून
तिरपागडा, त्यांच्या पोरांना खेळगडी हवेत, मगरी नकोत.
आता मुद्द्याचं. मे महिन्यात आलात आणि खाली पोरं शोधताय? इथे वेकेशन आहे हो! सगळे मोसाळी, म्हणजे मामाकडे. समोरच्या दारालासुद्धा कुलूपच असेल, नीट बघा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडल्या की हीच सोसायटी गजबजेल. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला इथे कोणी उतरत नाही. फरशी तापलेली असते. रात्री जेवणं झाली की नऊ-साडेनऊला सगळे खाली, आजी-आजोबांसकट. तुम्ही किती वाजता पाठवता?

सिंहगडरोडकर
सहाला. आठला जेवण, साडेआठला झोप. ही शिस्त लावायला वर्ष गेलंय.

बडोद्याची_सून
मग ती सोडा.

केतकी१२
अजिबात सोडू नका! झोपेची वेळ बिघडली की मुलं चिडचिडी होतात. त्यापेक्षा सकाळी सातला कमाटीबागेत न्या. झाडं आहेत, प्राणी आहेत.

बडोद्याची_सून
कमाटीबाग छानच आहे, पण तिथे भेटलेलं पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटेलच असं नाही. ओळख रोज तीच तोंडं दिसून होते. शाळा सुरू होईपर्यंतचा प्रश्न आहे, तेवढे दिवस मुलं दहाला झोपली तर आभाळ कोसळत नाही.

जुना_जाणता
म्हणून म्हणतो, मंडळ. तिथे तीच तोंडं दिसतात.

बडोद्याची_सून
काका, भायलीहून दांडिया बाजार रोज? दोन पोरं घेऊन? मराठी माणसं सणावारी भेटतात ती वेगळी आणि पोराला ताप असताना दार वाजवावं असं घर वेगळं. ते जिन्यावरच हवं, मग भाषा कुठली का असेना.

जुना_जाणता
आणि मुलांचं मराठी? ते कोण सांभाळणार? माझी नातवंडं आज माझ्याशी गुजरातीत बोलतात. बोला आता.

माधवी_के
काकांचंही बरोबर आहे. (आणि सॉरी दादा.)

लिपीवेडा
ग्रुपवरचं वाचता येत नाही हे का सहन करताय? गुजराती म्हणजे बरीचशी शिरोरेषा काढलेली देवनागरी. ग, म, न, प, र, व सहज ओळखू येतात. क, ख, च, ज, झ, फ, ब, ल वेगळी, ती पाठ करा. दुकानाच्या पाट्या वाचत हिंडा, मुलाला बरोबर घ्या. नाहीतरी २०२३ च्या कायद्याने गुजरातमध्ये सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवावीच लागते. बापलेक एकदमच शिका.

आरटीओ_पीडित
गाडी एमएच पासिंगची असेल तर १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी. पुण्यात भरलेल्या रोड टॅक्सच्या परताव्याचा अर्जही आठवणीने करा.

केतकी१२
एक मिनिट. मोठा पहिलीत जाणार म्हणता, जन्मतारीख काय?

सिंहगडरोडकर
नोव्हेंबर २०१९. का? शाळेने फी घेतली आहे.

केतकी१२
महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण चालतात, गुजरातमध्ये १ जूनला लागतात. तुमचा साडेपाचचा आहे. त्याला बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात बसवतील. आजच शाळेत जा.

सिंहगडरोडकर
हे कोणी बोललंच नाही! जातो.

भुक्कड
रविवारी सकाळी सेव उसळ खायला जा. रांगेतच ओळखी होतात. भाकरवडीही बडोद्याचीच खरी.

जुना_जाणता
भाकरवडीच्या बाबतीत मात्र मी पुण्याच्या बाजूने. बडोद्याची गोड असते.

तिरपागडा
गोड नाही, तुम्हाला शिळी मिळाली असेल.

(इथे भाकरवडीवर बरेच प्रतिसाद. संपादकांनी मिटवले आहेत.)

सिंहगडरोडकर
शाळेत जाऊन आलो. केतकीताईंचं खरं ठरलं, बालवाटिकाच. आधी फॉर्म भरून घेताना तारीख कोणी बघितलीच नव्हती. बायको वैतागली आहे, पोरगा खूश, त्याला वाटतंय अभ्यास नाही.
काल साडेनऊला खाली उतरलो. गर्दी नव्हती, पण बरीच म्हातारी मंडळी आणि चार पोरं होती. धाकटी लगेच कोणाच्या तरी सायकलच्या मागे पळाली. मोठा माझा शर्ट धरून उभा. एका काकांनी "पूनाथी?" म्हणून विचारलं. ते सोसायटीच्या कमिटीतले निघाले. ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवले, रविवारी टाकी धुणार म्हणून पाणी येणार नव्हतं, ते तरी कळलं. समोरच्या दाराला कुलूपच आहे, सुरतेला गेलेत, त्यांचाही मुलगा बालवाटिकेत जाणार आहे.
आता नवा प्रश्न. काका म्हणतात नवरात्रीत शेरी गरब्याच्या, म्हणजे सोसायटीतल्याच गरब्याच्या तयारीला पुरुष कमी पडतात, तुमचं नाव घालू का. मला नाचता येत नाही. घालू देऊ का?

बडोद्याची_सून
घालू द्या. तयारी म्हणजे मांडव, लाइट, स्पीकर आणि रोजच्या नाश्त्याची ऑर्डर. तुम्हाला कोण नाचायला सांगतंय.

जुना_जाणता
आणि गणपतीत माझ्याकडे या, मुलांना घेऊन. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

भुक्कड
नाश्त्याच्या ऑर्डरीत भाकरवडी असेल तर कुठली?

आरटीओ_पीडित
एनओसीचं काय झालं?